पोटनिवडणुकीत ‘घोळ’ झाला, तर तक्रार कुठं, कधी आणि कशाच्या जोरावर?

फेब्रुवारी 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा या दोघांनाही 5,946 मतं पडली. शेवटी चिठ्ठी काढली आणि शहा निवडून आले. मुंबईच्या प्रभागात, जिथं मतं हजारांत मोजतात, तिथं ही गत. मग ग्रामपंचायतीच्या वॉर्डात, जिथं यादीतच सात-आठशे नावं असतात, तिथं एकेका मताचा भाव काय असेल? त्यातून पोटनिवडणूक असेल तर विचारायलाच नको. एकाच जागेसाठी मतदान, सभा-मिरवणुकांचा जोर नाही, कामाधंद्याला बाहेरगावी गेलेली माणसं एका जागेसाठी गावी येत नाहीत. दहा-पंधरा मतांनी निकाल फिरतो. आणि निकाल लागला की हरलेल्या बाजूचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “घोळ झालाय.”

कधी तो खरोखर झालेला असतो, कधी पराभव पचवता येत नाही म्हणून तसं म्हटलं जातं. पण मला विचाराल तर खऱ्या तक्रारीसुद्धा बहुतेक वेळा वाया जातात, आणि त्याचं कारण साधं आहे: वेळ चुकते किंवा दार चुकतं. यादीची तक्रार मतदानाच्या दिवशी होते, पैशांची तक्रार निकालानंतर होते आणि निकालाची तक्रार तहसीलदाराला निवेदन देऊन होते. प्रत्येक तक्रारीचं दार वेगळं आहे आणि ते दार ठरलेल्या दिवशी बंद होतं. हे वेळापत्रक एकदा डोक्यात बसलं की अर्धी लढाई सोपी होते.

जागा रिकामी होते कशी?

सदस्याचं निधन झालं, त्यानं राजीनामा दिला किंवा तो अपात्र ठरला की जागा रिकामी होते. पहिली दोन कारणं सरळ आहेत. खरी भानगड अपात्रतेची. राखीव जागेवर निवडून येऊन ठरलेल्या मुदतीत जातवैधता प्रमाणपत्र दिलं नाही, दोनपेक्षा जास्त अपत्यं निघाली, सरकारी जागेवर अतिक्रमण आढळलं, निवडणूक खर्चाचा हिशेब दिला नाही, पक्षांतर केलं, अशा कारणांनी महाराष्ट्रात दरवर्षी सदस्यांची पदं जातात. पोटनिवडणुकीत निवडून येणाऱ्याला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत, मूळ सदस्याची उरलेली मुदत तेवढी मिळते. मुदत संपतच आलेली असेल तर जागा तशीच सोडून देतात.

रिकाम्या झालेल्या प्रत्येक जागेवर पोटनिवडणूक होतेच असंही नाही. मुंबईत जातप्रमाणपत्र बाद झाल्यावर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाच कोर्टानं नगरसेवक ठरवल्याची उदाहरणं आहेत. “लोकांनी ज्याला नाकारलं तोच आला” अशी ओरड मग होते. कायद्याच्या चौकटीत ते बसतं, पण मतदाराला ते पटत नाही, आणि त्याचं न पटणं मला समजू शकतं.

यातलं सगळ्यात कडवट प्रकरण 2021 चं. 4 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या काही जिल्हा परिषदांमध्ये एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर गेल्याचं सांगत ओबीसी जागांवरच्या निवडी रद्द केल्या. धुळे, नंदुरबार, अकोला, वाशिम, नागपूर आणि पालघर जिल्ह्यांत 5 ऑक्टोबर 2021 ला पोटनिवडणुका झाल्या. एरवी राखीव जागा पोटनिवडणुकीत त्याच प्रवर्गाला राहते. इथं ओबीसीच्या जागा खुल्या झाल्या. ज्यांची पदं गेली त्यांनी मतं विकत घेतली नव्हती की खोटं प्रमाणपत्र दिलं नव्हतं. मतदान यंत्राचा, यादीचा, पैशांचा कशाचाही वाद नसताना “आमच्यावर अन्याय झाला” ही भावना सगळ्यात तीव्र होती ती या पोटनिवडणुकांत. निवडणुकीतला अन्याय मतदान केंद्रावरच घडतो असं नाही.

जागा नुसती रिकामी ठेवणं हाही अन्यायाचाच प्रकार आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर पोटनिवडणूक तरी कशाची घेणार? ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, कोविड अशी कारणं एकावर एक चढत गेली आणि अखेर 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या असा आदेश दिला. राज्यघटना मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करा असं म्हणते. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या 2006 च्या निकालातही न्यायालयानं तेच बजावलं होतं.

निवडणूक कोण घेतं?

इथं बहुतेकांची गल्लत होते. लोकसभा-विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महापालिका या सगळ्यांच्या सार्वत्रिक आणि पोटनिवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग. 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीनं तो जन्माला आला. अनुच्छेद 243-के आणि 243-झेडए यांत त्याचे अधिकार आहेत, आणि महाराष्ट्रात तो 1994 पासून काम करतो. राज्य निवडणूक आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात, पण त्यांना काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्यासारखीच प्रक्रिया करावी लागते. कागदावर ही तटबंदी चांगली आहे.

अडचण आहे ती मनुष्यबळाची. आयोगाकडे स्वतःची फौज नसते. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून बसतात ते प्रांत, तहसीलदार, नायब तहसीलदार. केंद्रावर बसतात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक. निवडणुकीपुरते ते आयोगाच्या हुकमाखाली असतात, पण निकालानंतर त्यांना परत त्याच आमदाराच्या, त्याच पालकमंत्र्याच्या तालुक्यात नोकरी करायची असते. “अधिकारी दबावाखाली होता” ही तक्रार इतकी का येते ते यातून कळतं. सिद्ध मात्र ती क्वचितच होते, कारण दबाव फोनवर येतो आणि निर्णय कागदावर लिहिला जातो.

यादीचं दुखणं

आता मुख्य मुद्दा. पोटनिवडणुकीत प्रभागरचनेचा वाद नसतो, हद्दी आधीच्याच असतात. आरक्षणाची सोडतही बहुतेक वेळा नव्यानं होत नाही. भांडायला उरते ती मतदार यादी, आणि खरोखरचा घोळ तिथंच जास्त सापडतो.

राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. तहसील कचेरीत, पालिकेत सगळे ‘यादी फोडणे’ असंच म्हणतात. याचे दोन परिणाम होतात. एक, मूळ विधानसभा यादीत मेलेली माणसं, लग्न होऊन गेलेल्या मुली, दोन ठिकाणी नाव असलेले लोक असतील तर ते सगळे प्रभागाच्या यादीत जसेच्या तसे उतरतात. दुसरा परिणाम असा की फोडताना गल्लीच्या गल्ली चुकून शेजारच्या प्रभागात जाते. रस्त्याच्या डाव्या बाजूची घरं एका प्रभागात आणि उजव्या बाजूची दुसऱ्यात असतील, तर हे होणारच.

प्रारूप यादी लागली की हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. इथं नीट समजून घ्या, कारण इथंच माणसं वेळ घालवतात. प्रभागाच्या यादीवर हरकत घेऊन तुम्ही लेखनातल्या चुका दुरुस्त करून घेऊ शकता, चुकीच्या प्रभागात गेलेली नावं योग्य जागी आणू शकता, विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून गळलेलं नाव घालून घेऊ शकता. पण ‘हा माणूस इथं राहतच नाही, याचं नाव काढा’ किंवा ‘माझा मुलगा आता अठरा वर्षांचा झाला, त्याचं नाव घाला’ अशी मागणी तिथं चालत नाही. ते काम विधानसभेच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याचं. नवं नाव घालायला फॉर्म 6, नाव वगळायला किंवा नावावर आक्षेप घ्यायला फॉर्म 7, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला फॉर्म 8. आणि हे सगळं यादीची ती ठरावीक तारीख उलटायच्या आत. पोटनिवडणूक जाहीर झाल्यावर फॉर्म 7 चा गठ्ठा घेऊन गेलं तर उपयोग नाही, कारण यादी तोवर गोठलेली असते.

आता तुम्ही म्हणाल, पोटनिवडणूक कधी लागणार हे आधी कुणाला ठाऊक? खरं आहे. म्हणूनच ज्यांना गावच्या राजकारणात रस आहे ते वर्षभर यादीवर नजर ठेवतात, आणि ज्यांना नाही ते शेवटच्या आठवड्यात धावपळ करतात. बाहेरगावची नावं आणून घुसवण्याचा धंदा करणारेही वर्षभर आधीच कामाला लागलेले असतात. एकाच घर क्रमांकावर पन्नास-साठ नावं दिसली तर संशय घ्यावा, पण लगेच उड्या मारू नयेत. घर क्रमांकाच्या रकान्यात शून्य किंवा वाडीचं नाव टाकून अख्खी वस्ती एका पत्त्यावर दाखवलेली असते, हे गावोगावी दिसतं. बूथनिहाय यादी घेऊन दारोदार जाऊन खातरजमा करणं एवढाच त्याला उपाय.

दुबार नावांचा विषय 2025 मध्ये चांगलाच पेटला. ऑक्टोबरमध्ये विरोधी पक्षांचे नेते एकत्र येऊन निवडणूक अधिकाऱ्यांना भेटले, 1 नोव्हेंबरला मुंबईत मोर्चा निघाला. राज्य निवडणूक आयोगानं मग संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढं दोन तारे छापायला सुरुवात केली. अशा मतदारानं कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी कळवायचं. न कळवता आला तर केंद्रावर ‘मी दुसरीकडे मतदान केलेलं नाही आणि करणार नाही’ असं हमीपत्र लिहून द्यायचं आणि मगच मत द्यायचं. उपाय कामचलाऊ आहे, मूळ यादी त्यानं साफ होत नाही. तरी हे तारे उमेदवाराच्या प्रतिनिधीच्या फार कामाचे आहेत. आदल्या रात्री यादीतल्या तारांकित नावांवर खुणा करून ठेवल्या, तर दिवसभरात कोण आलं आणि हमीपत्र घेतलं का, हे तिथल्या तिथं तपासता येतं. खोटी माहिती देऊन यादीत नाव घालणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 31 खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. हे कलम लावल्याचं मात्र फारसं ऐकू येत नाही.

अर्ज, माघार आणि ‘बिनविरोध’

छाननीत अर्ज बाद झाला की उमेदवाराला वाटतं सरळ हायकोर्टात जावं. कायदा तिथं आडवा येतो. 1952 मध्ये पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं की निवडणूक सुरू झाली की मध्येच कोर्टानं हात घालायचा नाही, जे काही म्हणायचं ते निकालानंतर निवडणूक याचिकेत म्हणा. तो खटलासुद्धा अर्ज बाद झाल्याचाच होता, मद्रास प्रांतातल्या नामक्कलचा. स्थानिक संस्थांसाठी तोच नियम अनुच्छेद 243-ओ आणि 243-झेडजी मध्ये लिहिलेला आहे.

नगरपरिषदांना यात एक खिडकी आहे. छाननीतल्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. या खिडकीनं केवढा गोंधळ होऊ शकतो ते नोव्हेंबर-डिसेंबर 2025 मध्ये अख्ख्या राज्यानं पाहिलं. 2 डिसेंबरला नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं मतदान ठरलं होतं. काही ठिकाणी अपिलांचे निकाल उशिरा लागले, उमेदवारांना माघारीसाठी नियमात सांगितलेला वेळ मिळाला नाही, म्हणून आयोगानं ऐनवेळी तिथलं मतदान 20 डिसेंबरवर ढकललं. मग प्रश्न आला की बाकीच्यांची मोजणी 3 डिसेंबरला केली तर तिचा परिणाम उरलेल्या मतदानावर होणार नाही का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळ्यांचीच मोजणी 21 डिसेंबरला करायला लावली. अडीच-तीन आठवडे मतदान यंत्रं गोदामात आणि उमेदवारांचे कार्यकर्ते गोदामाबाहेर पहाऱ्याला. कार्यक्रमात एक पायरी चुकली की निष्पक्षपणाचा प्रश्न कसा उभा राहतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणार नाही.

पोटनिवडणुकीत बिनविरोधाची हवा जास्त असते. सदस्याचं निधन झालं असेल तर घरातल्याच कुणाला तरी द्यावं, भांडण नको, खर्च नको. ही भावना वाईट नाही. पण माघार स्वखुशीची की रात्रीतून घडवलेली, हे बाहेरून कळत नाही. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकांत साठहून अधिक उमेदवार बिनविरोध आल्यावर दबाव-आमिषाचे आरोप झाले आणि आयोगानं अहवाल मागवले. त्याआधीचा एक दाखला तर उघडउघड आहे. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली. पैसे मंदिरासाठी आहेत, असं सांगितलं गेलं. लिलावाचे व्हिडिओ बाहेर आले आणि आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. आयोगाकडे दात नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर आठवावं. फरक एवढाच होता की पुरावा कॅमेऱ्यात होता आणि तो निकालाआधी आयोगाच्या टेबलावर पोचला.

पैसा आणि पार्टी

नोव्हेंबर 2025 च्या मर्यादेप्रमाणं क वर्ग नगरपरिषदेच्या सदस्याला अडीच लाख रुपये खर्च करता येतात. हा आकडा वाचून कार्यकर्ते हसतात, ते सोडा. हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यावा लागतो, नाहीतर काही वर्षांची अपात्रता येऊ शकते. विरोधकानं लढायचं असेल तर हे हत्यार चांगलं आहे, कारण इथं साक्षीदार लागत नाहीत, हिशेब दिला की नाही हे कागदच सांगतो.

पाकीट वाटण्याची तक्रार वेगळी. मतदाराला पैसे देणं आणि मतदारानं ते घेणं, दोन्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 खाली लाच आहे आणि 173 खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. यात एक गंमत आहे. लाच नुसत्या खाण्यापिण्याच्या, करमणुकीच्या रूपात असेल तर शिक्षा फक्त दंडाची. ढाब्यावरच्या पार्ट्या इतक्या बिनधास्त का चालतात, याचं एक उत्तर कायद्यातच आहे. ‘वॉर्डात पैसे वाटले’ एवढं लिहिलेली तक्रार फाइलला लागते आणि तिथंच राहते. कुणी, कुणाला, कुठं, किती वाजता, हे लिहिलं आणि सोबत व्हिडिओ जोडला तर भरारी पथकाला निघावंच लागतं. तक्रारीच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका, पुढं कोर्टात ती पोच लागते.

मतदानाचा दिवस

महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांचं मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. सगळ्यात महत्त्वाची वेळ त्याच्या आधीची आहे. मतदान सुरू होण्यापूर्वी प्रतिनिधींसमोर मॉक पोल होतो, यंत्रात चार मतं टाकून, निकाल काढून, परत शून्य करून दाखवतात, मग सील लावतात. सीलचे क्रमांक प्रतिनिधीनं वहीत उतरवून घ्यायचे असतात. बहुतेक प्रतिनिधी तेव्हा चहाला गेलेले असतात.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं असेल तर केंद्रावर आरडाओरडा करून घरी जाऊ नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. लोक त्याला टेंडर व्होट म्हणतात. कागदाच्या मतपत्रिकेवर तुमचं मत घेतात आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. ते मोजणीत धरत नाहीत, त्यामुळं कुणी म्हणेल मग उपयोग काय? उपयोग असा की बोगस मतदान झाल्याचा तो सरकारी कागद होतो. सात मतांनी निकाल लागला आणि वॉर्डात नऊ प्रदत्त मतं असली, तर याचिकेत जीव येतो. ती नऊ माणसं नुसती भांडून परत गेली असती तर हातात काहीच उरलं नसतं. उलट दिशेनं, आलेल्या मतदाराच्या ओळखीबद्दल शंका असेल तर प्रतिनिधी नाममात्र रक्कम भरून त्याला आक्षेप घेऊ शकतो. केंद्राध्यक्षाला तिथंच चौकशी करावी लागते.

बोटावरच्या खुणेचाही वाद झाला. जानेवारी 2026 मध्ये शाईऐवजी मार्कर पेन वापरल्यावरून आणि ती खूण पुसली जाते म्हणून गदारोळ उठला. खूण पुसली तरी यादीवर सही राहते, हे खरं. पण दोन यादींत नाव असलेल्या माणसाच्या बाबतीत बोट हाच काय तो पुरावा असतो, त्यामुळं ती तक्रार उडवून लावण्यासारखी नाही.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष यंत्र बंद करतो आणि एकूण मतांचा आकडा येतो. या आकड्याची, सीलच्या क्रमांकांची सही केलेली प्रत प्रतिनिधीला मिळते. दिवसभराच्या कामात हा एक कागद सगळ्यांत मोलाचा, कारण मोजणीच्या टेबलावर यंत्र उघडताना हाच आकडा जुळायला हवा. आकडा जुळला नाही तर तिथल्या तिथं लेखी हरकत. नंतर नाही.

मोजणी आणि व्हीव्हीपॅट

फेरमोजणी मागायची तर निकाल जाहीर होण्याच्या आत, लेखी आणि कारणासह. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं ती नाकारली तर त्यानंही कारण लिहायला हवं. गुलाल उधळून झाल्यावर फेरमोजणीचा अर्ज देणारे उमेदवार कमी नाहीत, तो अर्ज कोर्टाशिवाय कुणीच घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारी कागदी चिठ्ठी छापणारं यंत्र, नाही. यंत्रातला आकडा परत वाचणं हीच फेरमोजणी. 2025 मध्ये यावरून नागपूर खंडपीठात याचिका झाली, तेव्हा आयोगाचं म्हणणं होतं की नियमांत तरतूद नाही आणि एका प्रभागातून अनेक सदस्य निवडायचे असल्यानं तांत्रिक अडचण आहे. सार्वत्रिक निवडणुकीपुरतं ते समजू शकतं. पण पोटनिवडणुकीत बहुधा एकच जागा असते, एकच बटण दाबायचं असतं. तिथं हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. तरीही व्हीव्हीपॅट नव्हता एवढ्या कारणावर कुणाचा निकाल रद्द होईल अशी आशा धरू नये. ती मागणी धोरण बदलण्याची आहे, आणि ती सरकारकडे नि आयोगाकडे निवडणूक नसतानाच लावून धरायला हवी.

आणि ज्यांना कुणीच पसंत नाही त्यांच्यासाठी एक दार महाराष्ट्रानं उघडं ठेवलंय. नोव्हेंबर 2018 च्या राज्य आयोगाच्या आदेशानं महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींत ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर कुणीच विजयी ठरत नाही, फेरनिवडणूक होते. पोटनिवडणुकांनाही ते लागू आहे. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढं राहिलं, तर मात्र त्याखालच्या उमेदवाराला विजयी ठरवतात. विधानसभेत नोटा कितीही वाढलं तरी निकाल बदलत नाही.

कोर्ट: दहा दिवस, पंधरा दिवस

निकालानंतर एकच रस्ता उरतो, निवडणूक याचिका. नगरपरिषदेसाठी जिल्हा न्यायालयात आणि महापालिकेसाठी कायद्यानं नेमलेल्या न्यायाधीशापुढं, दोन्हींची मुदत दहा दिवस. ग्रामपंचायतीसाठी दिवाणी न्यायाधीशापुढं, पंधरा दिवस. मुंबई महापालिकेच्या याचिकांचं काम लघुवाद न्यायालयाकडे असतं. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, उपोषण, आयोगाला मेल, यात हे दहा दिवस उडून जातात. आयोग एकदा निकाल जाहीर झाल्यावर तो फिरवू शकत नाही, हे लोकांना पटत नाही आणि कळतं तोवर मुदत टळलेली असते.

याचिकेत सगळ्यात अवघड असतं ते गणित. समजा अकरा मतांनी हरलात आणि वॉर्डात पंधरा दुबार मतदारांनी मतं टाकल्याचं सिद्ध केलंत. तरी कोर्ट विचारतं, ती पंधरा मतं विजयी उमेदवारालाच पडली कशावरून? मतदान गुप्त असतं, त्या माणसांना पिंजऱ्यात उभं करून कुणाला मत दिलं हे साधारणपणे विचारता येत नाही. निकालावर परिणाम झाला हे दाखवण्याची जबाबदारी मात्र तक्रारदाराची. म्हणून नुसत्या अनियमिततेवरच्या याचिका बहुतेक पडतात. विजयी उमेदवारानं स्वतः लाच दिली किंवा तो मुळात अपात्रच होता, हे सिद्ध झालं तर गणिताची गरज राहत नाही. अनुभवी वकील याचिकेचा भर शक्यतो तिथं ठेवतात.

पुरावा लख्ख असेल तर काय होतं ते चंदीगडला दिसलं. 30 जानेवारी 2024 ला तिथल्या महापौर निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्यानं 36 पैकी 8 मतं बाद ठरवली आणि भाजपचा उमेदवार 16 विरुद्ध 12 असा विजयी घोषित झाला. मतपत्रिकांवर अधिकारीच पेनानं काहीतरी करतोय, हे कॅमेऱ्यात आलं होतं. 20 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं ती आठही मतं वैध धरली आणि आम आदमी पक्षाचे कुलदीप कुमार महापौर झाले. तीन आठवड्यांत निकाल उलटला. तिथं मतं द्यायची होती ती मोजक्या नगरसेवकांनी, जनतेनं नाही, मतपत्रिका होत्या, आठही मतपत्रिका न्यायाधीशांसमोर ठेवता आल्या. वॉर्डातल्या पोटनिवडणुकीत असा सरळ मामला नशिबानंच मिळतो.

एरवी तारखांवर तारखा पडतात आणि तोवर निवडून आलेला सदस्य सभागृहात बसतो, मतदान करतो, निधी आणतो. दीड-दोन वर्षांचीच मुदत उरलेल्या पोटनिवडणुकीत तर याचिका निकाली निघण्याआधी मुदतच संपण्याचा धोका असतो. त्यामुळं याचिकेसोबत पहिल्याच दिवशी दोन अर्ज द्यावेत: सुनावणी लवकर घेण्याचा, आणि केंद्रावरचं चित्रीकरण, सह्यांची यादी, हमीपत्रं नि प्रदत्त मतांचे लिफाफे जपून ठेवण्याचा आदेश मागणारा. दुसरा अर्ज राहून गेला तर ठरावीक काळानंतर हे सगळं नियमाप्रमाणं नष्ट केलं जातं.